खाल्ल्या मिठाचा हिशेब

मरणाच्या खाटेवर पडलेला म्हातारा व्यापारी मुलाला हाक मारून हुकूम सोडतो. त्या संजरला अंगणातल्या खांबाला बांधून घाल, कांदे चोरलेत त्यानं. मुलगा परोपरीनं समजावतो, की संजर आता इथे नाही, तो कुवेतला गेला; आणि सरकारनं गुलामांना मोकळं केलं त्यालाही जमाना लोटला. म्हाताऱ्याला हे पटत नाही. सरकारचा इथे संबंध काय, असा त्याचा सवाल आहे. संजरच्या आईला त्यानं स्वतः चांदी मोजून विकत घेतलं होतं. तांदूळ सोन्याच्या भावानं मिळत होता अशा दिवसांत तिला खाऊ घातलं होतं. मग तिच्या पोराला परस्पर मोकळं करणारं सरकार कोण?

जोखा अल-हार्थी यांच्या ‘सय्यिदात अल-कमर’ या अरबी कादंबरीतला हा प्रसंग. कादंबरी २०१० साली आली. मेरिलिन बूथ यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘सेलेस्टिअल बॉडीज’ या नावानं २०१८ मध्ये निघाला आणि २०१९ चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. हा मान मिळालेली ती पहिली अरबी साहित्यकृती. या पुस्तकाविषयी बहुतेक ठिकाणी लिहिलं गेलं ते तीन बहिणींची गोष्ट म्हणून. मय्या, अस्मा आणि खौला यांची लग्नं, त्यांच्या वाट्याला आलेलं आणि न आलेलं प्रेम, आणि एका पिढीत खजुराच्या वाडीतून काचेच्या इमारतीत आलेला ओमान. हे सगळं त्यात आहेच. मला मात्र हे पुस्तक ज्या प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, तो प्रश्न वेगळा आहे. माणसाला मालमत्ता मानणारी व्यवस्था कायद्यानं संपते तेव्हा ती कुठे जाऊन राहते? आणि तिच्या बाजूनं बोलणारे नंतर आपली कारणं कशी बदलतात?

मी हे लिहितो आहे बौशरमध्ये. मस्कतच्या या विलायतीत, म्हणजे तालुक्यात, एका बाजूला अल-खुवैरची मंत्रालयं, सुलतान काबूस महामशीद, अल-घुब्रातली भारतीय शाळा, आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या सदनिका. आणि आत डोंगराच्या पायथ्याशी जुनं बौशर, तिथल्या खजुराच्या बागा, फलजचं, म्हणजे जुन्या पाटाचं, वाहतं पाणी आणि बैत अल-मकहम हा उंच मातीचा वाडा-किल्ला. कादंबरीतलं अल-अवाफी हे गाव काल्पनिक आहे. पण जुन्या बौशरच्या बोळातून चालताना त्याची मांडणी डोळ्यांपुढे सहज उभी राहते. मधोमध मोठ्यांचं घर, त्याला लागून बाग, आणि बागेला पाणी देणाऱ्यांची, खजूर उतरवणाऱ्यांची, विहिरीवर राबणाऱ्यांची वस्ती जरा पलीकडे. कोण कुठे राहत असेल हे कुणी सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या गावाची रचना पाहिलेल्या मराठी माणसाला तर मुळीच नाही.

आता त्या खाटेजवळ परत जाऊ. त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे सुलैमानच्या, बडबडीत तीन मुद्दे आहेत. मी विकत घेतलं, हा पहिला. मी पोसलं, हा दुसरा. सरकारला अधिकार नाही, हा तिसरा. गुलामगिरी मोडीत निघाली त्या प्रत्येक देशात मालकांनी थोड्याफार फरकानं हेच तीन मुद्दे मांडले आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी तर त्यांवर अख्खं वकिली शास्त्र उभं केलं. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या १८५७ च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख रॉजर टॉनी यांनी निकाल दिला, की गुलाम ही मालकाची मालमत्ता आहे, म्हणून नव्या प्रदेशांत गुलामी बंद करण्याचा अधिकार राष्ट्रीय विधिमंडळाला नाही. सुलैमानचा पहिला आणि तिसरा मुद्दा या निकालात शेजारी शेजारी बसलेले आहेत. दुसरा मुद्दा वृत्तपत्रांनी आणि धर्मोपदेशकांनी उचलला: आम्ही यांना अन्न देतो, आजारपणात बघतो, उत्तरेतला गिरणीमालक आपल्या मजुरासाठी एवढं तरी करतो का?

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाली तेव्हा तिनं आपली कारणं जाहीरनाम्यात मांडली. त्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून पळून आलेले गुलाम परत द्यायला आडकाठी करतात. २१ मार्च १८६१ रोजी दक्षिणेच्या नव्या राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना शहरातल्या भाषणात पडदाच ठेवला नाही. वंशांची असमानता आणि गुलामी हीच आपल्या नव्या राज्याची कोनशिला आहे, असं त्यांनी उघड सांगितलं. मग युद्ध झालं, दक्षिण हरली आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीनं गुलामी गेली. त्यानंतर याच स्टीफन्स यांनी दोन जाडजूड खंड लिहिले. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी १८८१ मध्ये आपला ग्रंथ काढला. या पुस्तकांत युद्धाचं कारण बदललेलं होतं. आता भांडण गुलामीचं राहिलं नव्हतं. ते राज्यांच्या हक्कांचं, घटनेच्या अर्थाचं, फुटून निघण्याच्या कायदेशीरपणाचं झालं होतं. पळालेले गुलाम परत न देण्याचा हक्क उत्तरेतल्या राज्यांनी वापरला म्हणून कांगावा करणारे लोक वीस वर्षांनी राज्यांच्या हक्कांचे कैवारी म्हणून इतिहासात उभे राहू पाहत होते. सर्वोच्च न्यायालयानं १८६९ मध्ये टेक्सस विरुद्ध व्हाइट या खटल्यात संघराज्य अभंग असल्याचा निकाल दिला, तरी वाद थांबला नाही. तो आजही जोमात चालतो, आणि बहुतेक वेळा नंतरच्या पुस्तकांच्या भाषेत चालतो.

अल-हार्थींची कलात्मक निवड मला इथे फार मोठी वाटते. गुलामीच्या समर्थनाचं भाषण त्यांनी सुलैमानच्या तोंडी घातलं ते त्याच्या भरभराटीच्या काळात नाही, बैठकीत पाहुण्यांपुढेही नाही. ते त्यांनी त्याच्या ग्लानीत ठेवलं. शुद्धीवर असलेला, पत असलेला, नव्या राजवटीत वावरणारा व्यापारी असं बोलला नसता. जुन्या चालीरीतींविषयी, घरोब्याविषयी, आमच्याकडे सगळे घरच्यासारखेच असायचे याविषयी तो छान बोलला असता. ग्लानीनं त्याच्यापासून नंतरची भाषा काढून घेतली आहे. त्याच्यापाशी उरली आहे ती आधीची भाषा: किती मोजले, काय खाऊ घातलं, कुठल्या खांबाला बांधायचं. इतिहासकाराला हा माणूस १८६० च्या जाहीरनाम्यात सापडतो. कादंबरीकर्तीनं त्याला तापात पकडला आहे.

हे भाषण ऐकतो कोण, हीदेखील योजना आहे. ऐकतो अब्दुल्ला. गुलामांच्या व्यापारातून वर आलेल्या घराण्याचा हा वारस. त्याला जन्म देऊन आई गेली आणि त्याला लहानाचा मोठा केला जरीफानं, म्हणजे त्याच चांदी मोजून आणलेल्या बाईनं. ती सुलैमानची गुलाम, त्याचं अंगवस्त्र, घराची खरी कर्तीधर्ती, आणि संजरची आई. म्हणजे बाप ज्याला खांबाला बांधायला सांगतो आहे, तो अब्दुल्लाचा एका अर्थी दूधभाऊच. बापाला उलट बोलायची अब्दुल्लाची छाती कधी झाली नाही. तो फक्त माहिती देतो: संजर कुवेतला आहे, सरकारनं मुक्त केलं आहे. नीतीचा एकही शब्द तो काढत नाही. आयुष्यभर दबलेल्या मुलाचा प्रतिवाद असाच असणार, तपशिलाच्या आडून केलेला.

अब्दुल्लाच्या बालपणातली एक घटना कादंबरीत पुन्हा पुन्हा वर येते. बापाची बंदूक चोरून नेली म्हणून बापानं त्याला माडाच्या काथ्याच्या दोरानं बांधून विहिरीत उलटा टांगला होता. विमानात डुलकी लागताना, परदेशी हॉटेलात, कुठेही त्याला ती विहीर दिसते. पहिल्या वाचनात हा बापाचा क्रूरपणा वाटतो. पुन्हा वाचताना ध्यानात येतं, की ज्या घरात माणसाला दोरानं बांधणं हा रोजचा व्यवहार आहे, त्या घरात तो दोर पोटच्या पोरापाशी येऊन थांबत नाही. लेखिका हे कुठेही समजावून सांगत नाही. खांब आणि विहीर या दोन गोष्टी ती पुस्तकात दूर दूर ठेवते आणि जोडण्याचं काम वाचकावर सोपवते. मालकाच्या मुलाचंही नुकसान झालं हे सांगताना गुलामाचं नुकसान हलकं करून दाखवण्याचा मोह अनेक लेखकांना आवरत नाही. अल-हार्थींना तो आवरला आहे, कारण संजरच्या अंगावरचे वळ अब्दुल्लाच्या स्वप्नांनी त्या झाकत नाहीत.

निवेदनाची रचना इथे बारकाईनं पाहायला हवी. अब्दुल्लाची प्रकरणं प्रथमपुरुषी आहेत. फ्रँकफर्टला निघालेल्या विमानात बसून तो बोलतो, त्याच्या आठवणी मागेपुढे होतात, वाक्यं मध्येच दुसऱ्या वर्षात उडी घेतात. बाकी सगळ्यांची प्रकरणं तृतीयपुरुषी. एवढ्या मोठ्या पात्रपसाऱ्यात ‘मी’ म्हणण्याची मुभा एकट्यालाच आहे, आणि तो मालकाचा मुलगा आहे. जरीफा बोलते भरपूर, म्हणींवर म्हणी फेकते, पण ‘मी’ म्हणून प्रकरण तिला मिळत नाही. यावर आक्षेप घेता येईल, आणि मलाही तो काही काळ खटकत होता. आता मला ही रचना खरी वाटते. वारशात घर मिळतं, बाग मिळते, तशी गोष्ट सांगण्याची जागाही मिळते. ती अब्दुल्लाला मिळाली आहे. पण तृतीयपुरुषी प्रकरणं त्याच्या पाठीमागे जाऊन त्याला ठाऊक नसलेलं बरंच काही आपल्याला सांगतात. वारसाचा आवाज आणि त्याच्या ऐकू येण्याच्या टप्प्याबाहेरचं सत्य या दोहोंच्या ताणावर पुस्तक उभं आहे.

त्या सत्याचा सगळ्यात धारदार तुकडा जरीफाच्या जन्माचा आहे. २५ सप्टेंबर १९२६ या दिवशी जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या गुलामीविरोधी करारावर सह्या झाल्या. कादंबरीत त्याच दिवशी अंकबूता ही गुलाम स्त्री लाकडं गोळा करायला गेलेली असताना जरीफाला जन्म देते. लेखिका करारातली कायद्याची कोरडी भाषा आणि रानातलं बाळंतपण एकाशेजारी एक ठेवते आणि वर भाष्य करत नाही. सोळा वर्षांनी जरीफा विकली जाते. करार जागेवर आहे, सह्या जागेवर आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार गुलामगिरी संपायला निघाली त्या क्षणी एक गुलाम जन्माला आली, आणि तिच्यापर्यंत ती बातमी यायला चव्वेचाळीस वर्षं लागली. ओमानमध्ये गुलामी रद्द झाली १९७० मध्ये, सुलतान काबूस गादीवर आल्यावर. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट आहे.

योगायोग असा, की २५ सप्टेंबर हीच तारीख ओमानच्या दुसऱ्या एका कायदेशीर वादाचीही आहे. १९२० साली त्या दिवशी बौशरच्या शेजारच्या सीब गावी मस्कतचा सुलतान आणि आतल्या डोंगरी मुलखातले इमामाचे सरदार यांच्यात समझोता झाला. इमामपक्ष म्हणत राहिला, की यानं आमचं वेगळं राज्य मान्य झालं. सुलतानपक्ष म्हणत राहिला, की ही टोळ्यांशी केलेली अंतर्गत व्यवस्था होती, सार्वभौमत्व कधी सोडलंच नव्हतं. १९५० च्या दशकात त्यावरून जबल अखदरचं युद्ध झालं, १९५९ मध्ये इमामपक्ष हरला आणि ‘ओमानचा प्रश्न’ संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं घोळत राहिला. कादंबरीत या पराभवाची सावली ईसा मुहाजिर या पात्रावर आहे. तो देश सोडून कैरोला जातो आणि गतवैभवाची कैफियत मुलाच्या, म्हणजे अस्माचा नवरा होणाऱ्या खालिदच्या, डोक्यावर लादतो. फुटून निघण्याचा हक्क होता की नव्हता, हा वाद ईसाच्या घरात जेवणाच्या पानावर वाढला जातो. आणि त्याच काळात अल-अवाफीत जरीफा कुणाच्या तरी मालकीची असते. राज्य कुणाचं, यावर पुरुष लढत होते. माणूस कुणाचा, हा प्रश्न कुठल्याच बाजूच्या पहिल्या कलमात नव्हता. लेखिका हे दोन धागे एका पुस्तकात शेजारी वागवते, यातच तिचं म्हणणं येऊन जातं.

पुस्तकाचा गाभा माझ्या मते जरीफा आणि संजर या मायलेकांच्या वादात आहे. संजर गाव सोडून कुवेतला जायला निघाला आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे. कायद्यानं आपण मोकळे आहोत. सुलैमानचा आपल्यावर कसलाही हक्क नाही. त्यानं आपल्याला वाढवलं, शिकवलं, लग्नं लावून दिली ती स्वतःच्या सोयीसाठी. आपण हवं तिथे जाऊ, आपल्या पोरांची नावंही आपल्या मनानं ठेवू. जरीफाला हे ऐकवत नाही. तिच्या लेखी हा कृतघ्नपणा आहे. ज्यानं पोसलं त्याच्यावर उलटायचं? खाल्ल्या मिठाला जागायचं नाही?

इथे मराठी वाचक चपापतो, निदान चपापायला हवा. सुलैमानचा दुसरा मुद्दा, पोसल्याचा मुद्दा, आता गुलाम आईच्या तोंडून येतो आहे. मालकाचा युक्तिवाद तिनं इतका आत घेतला आहे, की तो तिला स्वतःचा सद्गुण वाटतो. पण लेखिका तिला भोळी ठरवत नाही. जरीफानं या घरात स्वतःचं एक राज्य उभारलं आहे. स्वयंपाकघर, सण, आजारपणं, झार नावाच्या अंगात येण्याच्या रात्री, सगळीकडे तिचा वचक आहे. मोकळं होऊन तिला मिळणार काय, आणि जाणार काय, याचा हिशेब तिनं केलेला आहे. संजरच्या डोळ्यांपुढे कायदा आहे. तिच्या डोळ्यांपुढे आयुष्य आहे. शिवाय ज्या सुलैमाननं तिला आपल्या जवळ ठेवलं त्यानंच तिचं लग्न हबीबशी लावून दिलं, तिला न विचारता. तो हबीब बलुचिस्तानातून लहानपणी पळवून आणलेला. आम्ही स्वतंत्र होतो, आम्हाला चोरून आणून विकलं, असा टाहो तो रात्री-अपरात्री फोडत राहतो आणि एक दिवस सगळं सोडून निघून जातो. म्हणजे जरीफाच्या एका बाजूला गुलामी बेकायदा होतीच असं म्हणणारा नवरा, दुसऱ्या बाजूला ती आता संपली असं म्हणणारा मुलगा. कायदेशीरपणाचा सगळा वाद तिच्या घरातल्या दोन पुरुषांनी जिंकलेला आहे, आणि दोघेही तिला सोडून गेले आहेत. या बाईला चूक म्हणणं सोपं आहे. तिला समजून घेताना कायद्याच्या बाजूनं उभं राहणं अवघड आहे, आणि कादंबरी वाचकाकडून तेच करवून घेते. संजर बरोबर आहे, याविषयी पुस्तकाला जराही शंका नाही. पण त्याच्या बरोबर असण्याची किंमत कुणी मोजली हे ते विसरू देत नाही.

हा वाद आपल्याला परका वाटण्याचं कारण नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या, त्यांना किल्ल्यांवर आणि घरी कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटिश अमलातल्या १८४३ च्या कायद्यानं कुणालाही हाताला धरून मोकळं केलं नाही. यापुढे न्यायालय गुलामीचा दावा मान्य करणार नाही, एवढंच म्हटलं. माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेनं. आणि कायदा झाल्यावरही अंगणात सालोसाल राबणाऱ्याला ‘आमच्याच घरचा’ म्हणण्याची रीत खेड्यापाड्यांतून कितीतरी वर्षं चालली.

मस्कत, मुंबई आणि अमेरिका यांचे धागे तर तारखांनीच एकमेकांत अडकले आहेत. ओमान आणि झांझिबार ही सय्यद सईद यांची एकच सल्तनत होती. १८५६ मध्ये ते वारले आणि दोन मुलांत तंटा लागला. थुवैनी मस्कतला, माजिद झांझिबारला. झांझिबारला वेगळं होण्याचा हक्क आहे की तो मस्कतच्या गादीचाच भाग आहे, या प्रश्नाची चौकशी एडनचे ब्रिटिश अधिकारी कॉगलन यांनी केली आणि निवाडा दिला हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी, २ एप्रिल १८६१ रोजी. झांझिबार वेगळं, पण त्यानं मस्कतला दरसाल चाळीस हजार रियाल द्यावेत, आणि या रकमेमुळे ते मस्कतच्या अधीन ठरत नाही. दहा दिवसांनी अमेरिकेत फोर्ट समटरवर तोफा सुटल्या. कॅनिंग यांच्या निवाड्यात भावांचे हक्क आहेत, महसुलाचा हिशेब आहे. झांझिबारचा महसूल ज्यांच्या घामावर उभा होता ते लवंगांच्या बागांमधले गुलाम त्यात पक्षकार नाहीत. अमेरिकेत फुटण्याचा वाद गुलामीमुळे पेटला, इथे फुटण्याचा वाद गुलामीला वळसा घालून मिटला.

पुढे १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर मस्कतला आले आणि १४ एप्रिलला सुलतान तुर्की यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. ५ जूनला झांझिबारच्या सुलतानानंही केली. या दोन तारखांच्या मध्ये, १ जून १८७३ ही तारीख घालून, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना पुरी केली. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. जोतीरावांना दक्षिणेचे वकिली युक्तिवाद खोडत बसायची गरज वाटली नाही. त्यांनी तो इतिहास सरळ आपल्या शूद्रातिशूद्रांच्या अंगणात आणला, आणि मांडला तोही संवादात: धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. याच काळात नाशिकजवळच्या शरणपूरला आफ्रिकी मुलं मराठी मुलखातलं पाणी पीत वाढत होती. अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमारानं सोडवलेली ही मुलं. त्यांतलेच काही शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले, आणि त्यांतल्या जेकब वेनराइटनं लिव्हिंग्स्टनच्या शवाला लंडनपर्यंत सोबत केली. सुलैमानच्या पूर्वजांसारख्यांच्या गलबतांचा एक फाटा असा गोदावरीच्या काठी येऊन पोचला होता.

म्हणून हे पुस्तक बौशरमध्ये बसून वाचताना मराठी माणसाला पाहुण्यासारखं पाय पोटाशी घेऊन बसता येत नाही. इथल्या आपल्या घरांतूनही घरी राहून काम करणाऱ्या बाया आहेत. त्यांचा करार असतो, पगार असतो, मायदेशी परतीचं तिकीट असतं. त्या गुलाम नाहीत, आणि तसं म्हणणं गुलामीत पिचलेल्यांचा अपमान होईल. पण तिनं दुसरीकडे काम धरायचं म्हटलं, की बैठकीत कानावर येणारं वाक्य मात्र जुनंच असतं: घरच्यासारखं ठेवलं, आपल्या पानातलं वाढलं, आणि आता बघा. ओमाननं २०२१ पासून परदेशी कामगाराला करार संपल्यावर जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरी नोकरी धरण्याची मोकळीक दिली. त्या वेळी हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं, सुशिक्षित आणि एरवी सहृदय माणसांच्या तोंडून. जरीफाचं आणि सुलैमानचं पुस्तक वाचून झालेल्या माणसाला ते वाक्य पुन्हा बिनदिक्कत उच्चारता येऊ नये, एवढं सामर्थ्य या कादंबरीत आहे.

गुलामीच्या कारणांवर आणि फुटून निघण्याच्या कायदेशीरपणावर वाद घालणारे लोक कलमं काढतात, घटना काढतात, तहांच्या अन्वयार्थांवर रात्री जागवतात. तो अभ्यास हवाच. पण कारण कोणतं खरं, हे ठरवायला एक कसोटी या कादंबरीनं मला दिली आहे. हरण्याआधी माणूस काय म्हणत होता, ते आधी शोधावं. स्टीफन्स यांचे नंतरचे खंड बाजूला ठेवून सव्हानाचं भाषण वाचावं. सुलैमानच्या घराण्याची आज सांगितली जाणारी कीर्ती बाजूला ठेवून त्याची ग्लानी ऐकावी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गोड आठवणी बाजूला ठेवून कुणबिणींच्या किमती लिहिलेले कागद उघडावेत. आणि हे सगळं झाल्यावर जरीफा-संजरचं भांडण पुन्हा वाचावं, म्हणजे कायद्यानं जिंकलेला वाद माणसांच्या घरात अजून किती लढायचा उरला आहे ते कळतं. तिथे संजरची बाजू घ्यायची, आणि जरीफाला एकटं सोडायचं नाही.